किसनमामांचे जंतूंचे तीन प्रकार

परभणीच्या आमच्या कॉलेजातल्या जंतूंच्या लॅबमधून दोन गोष्टी कधीच धुतल्या गेल्या नाहीत: बोटांवरचा जांभळा रंग आणि किस्से! शहात्तर साल असेल. आम्ही बारा जण आणि धड मायक्रोस्कोप एकच. रांगेत उभं राहून दुसरं करणार तरी काय?

*

जंतूंना आधी जांभळा रंग द्यायचा, मग अल्कोहोलने धुवायचं. जाड भिंतीचे जांभळेच राहतात. पातळ भिंतीचे रंग सोडतात आणि पुढच्या रंगाने गुलाबी होतात. पालमचा विठ्ठल अल्कोहोलच विसरला.

"सगळेच जांभळे कसे रे?" सरांनी विचारलं.

"सर, एकाच गावचे असतील!"

*

सोनपेठची शोभा दह्यातले जंतू बघायला डबाभर दही आणायची. लागायचं काडीभर. उरलेलं आमचे लॅब अटेंडंट किसनमामा भाकरीबरोबर संपवायचे. एकदा सरांनी पकडलं.

"तुमीच म्हन्ले ना सर, हे चांगले जंतू हायत म्हणून!"

*

प्रॅक्टिकलच्या परीक्षेला बाहेरून आलेल्या परीक्षकांनी गमतीत मामांनाच विचारलं, "जंतूंचे प्रकार किती?" आम्ही गोल, लांबट, पीळदार असं घोकून बसलेलो.

मामा म्हणाले, "तीन. खायचे, धुवायचे अन् भ्यायचे!"

परीक्षक इतके खूश झाले, की विठ्ठलही पास झाला.

*

भ्यायचे म्हणजे टीबीचे. त्यांच्या अंगावर मेणचट थर असतो. एकदा लाल रंगले की तो रंग ॲसिडनेही उतरत नाही. वरून निळा रंग दिला की बाकी सगळं निळं दिसतं. त्याच साली मामांना खोकला लागला, महिनाभर जाईना. त्यांनी स्वतःच आपला गिलास वेगळा करून खिडकीत ठेवला आणि दारातूनच बोलायला लागले. आम्हाला फार वाईट वाटायचं.

दवाखान्यातला एक्स-रे स्वच्छ आला, तरी मामांचा विश्वास बसेना. "सर, तुमी बघा. मग पटंल."

सरांनी तीन दिवस थुंकीचे तीन नमुने स्वतः रंगवले. आम्हाला जवळसुद्धा येऊ दिलं नाही.

तिसऱ्या दिवशी आम्ही सगळे व्हरांड्यात, मामा लांब खांबाला टेकून. सर हात धुऊन बाहेर आले.

"मामा, तिन्ही वेळा निळंच. लाल एकही नाही."

आमचा जीव भांड्यात पडला. शोभा तर रडायलाच लागली. व्हरांड्यातल्या स्टुलावर सरांचा अर्धा प्यालेला चहा होता. मामांनी तो उचलला आणि एका घोटात संपवला!