फवारणीच्या डब्यांतून निघालेलं इमान

कपाशीवर फवारायच्या औषधाच्या डब्यात एक कूपन निघतं, कूपनावर पॉइंट असतात आणि पॉइंट साठले की कंपनी दुकानदाराला बक्षीस देते, हे मानवतच्या मोंढ्यात, कापसा-धान्याच्या बाजारात, सगळ्यांना ठाऊक आहे. जपून मात्र कुणी ठेवत नाही. मी कॉलेज अर्धवट सोडलं (सरांशी भांडण, चूक त्यांचीच होती, अजूनही आहे) आणि मामाच्या खत-बियाणाच्या दुकानात बसायला लागलो. प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगायचो, "काका, कूपन तेवढं माघारी आणा." आईचा डोळा मिक्सरवर होता. माझा बक्षिसांच्या अगदी टोकाला: औरंगाबाद ते मुंबई विमान, पुढच्या महागड्या खुर्च्या, दोघांसाठी.

दोघं म्हणजे मी आणि उमा, असं आपलं माझ्या डोक्यात. उमा ही मन्मथअप्पांची लेक. त्यांचं किराणा दुकान आमच्या समोरच. पॉइंट पुरले, तिकिटं आली, ती तिला दाखवली तर ती हसली.

"अप्पांना घेऊन जा."

"कामून?"

"मुंबईला पोरगा बघायला जायलेत. माझ्यासाठी."

माझं डोकंच फिरलं. माझ्याच पॉइंटांवर माझाच काटा काढायचा?

"बघ, पेटलास," ती म्हणाली. "अप्पा तुलाच म्हणतेत, ह्या पोराला पेटायला काडी बी लावावी लागत न्हाई. ही एक वारी डोकं थंड ठेवून दाखव. मग बोलते मी घरात."

आता अप्पांना तयार करणं आलं. आमच्याकडे विमानाला इमान म्हणतात, आणि अप्पांच्या लिंगायत समाजात विमान म्हणजे मेलेल्या माणसाला बसवून न्यायची सजवलेली पालखी. "आमच्यात इमानात एकदाच बसवतेत," अप्पा म्हणाले. "हार घालून, वाजत-गाजत, थेट मातीला. मला एवढी घाई न्हाई." शेवटी मामा म्हणाला, पोराकडच्यांना सांगायला बरं पडेल, सोयरे इमानानं आले. तेव्हा कुठे ते उठले.

तुम्हालाही जायचं असेल तर एक ऐका: एसटीच्या भरवशावर विमान पकडायला जाऊ नका. विद्यापीठाच्या नामांतराच्या भांडणापायी रस्ता कधी अडेल सांगता येत नाही. मानवत रोडवरून सकाळची रेल्वे धरा. स्टेशन गावापासून लांब आहे, टांगेवाल्याशी भाव आधी ठरवा. जालन्याला चहा मिळतो, गरम असतो, एवढंच त्याचं कौतुक. औरंगाबादेत रिक्षावाल्याला "विमानतळ" म्हटलं की तो तुमच्या चपलांकडे बघतो आणि दाम वाढवतो. मी भांडणारच होतो, पण अप्पा बघायलेत हे लक्षात आलं.

विमानात खिडकी अप्पांना दिली. तिथल्या बाईंनी ट्रेमधून गोळ्या आणि कानात घालायला कापूस आणला. अप्पांनी तो बोटांत चोळला, ओढून पाहिला. "धागा आखूड हाय. मोंढ्यात कुणी इचारलं नसतं." मी माझा कापूस खिशात टाकला. जेवणाला त्यांनी हात लावला नाही. घरचे धपाटे आणि शेंगदाण्याची चटणी काढली. पलीकडच्या टायवाल्या साहेबांनी आधी नाक वर केलं, मग हळूच हात पुढे केला.

विमान उडताना अप्पा भ्याले असं मी कुठेही लिहायचं नाही, अशी त्यांची अट आहे. तसं मी लिहीत नाही. त्यांचा एक हात गळ्यातल्या लिंगावर होता आणि दुसरा माझ्या मनगटावर, एवढंच.

मुंबईला पोराच्या काकांनी दार उघडलं आणि मला म्हणाले, "बॅगा तिकडे ठेव रे." ठेवल्या. मग अप्पांना विचारलं, "मानवत म्हणजे नेमकं कुठे आलं? नळ वगैरे आहेत ना?" सगळे हसले. माझे कान तापले, मुठी आवळल्या. एक शब्द जरी जास्त ऐकला असता तर मी काय केलं असतं, मला माहीत आहे. म्हणून खिशातला कापूस काढला आणि दोन्ही कानांत कोंबला. मग बसलो, तोंडं हलताना बघत. बऱ्याच वेळानं अप्पा उठले, काहीतरी बोलले, आणि समोरच्यांची तोंडं हलायची थांबली.

रस्त्यावर आल्यावर कापूस काढला. "काय म्हणलात, अप्पा?"

"म्हणलो, पोरगी मानवतच्या पाण्यावर वाढली. तिला तुमचं पाणी सोसायचं न्हाई." मग थोडं चालून म्हणाले, "तू लय गप बसलास."

परतीचं विमान पॉइंटांत बसत नव्हतं. मनमाडमार्गे रेल्वेनं आलो, साध्या डब्यात, अप्पा वरच्या फळीवर घोरत. झोपण्याआधी म्हणाले होते की इमानात बसलेला माणूस त्यांच्यात माघारी येत नाही; आपण आलो म्हणजे पुढचं सगळं फुकटातलं.

काय उरलं म्हणाल, तर पॉइंट एकही नाही. आई अजून पाट्यावर वाटण वाटते आणि मी घरात असलो की वरवंटा जरा जोरानं आपटते. पण विमानात अप्पांच्या खांद्यावरून खिडकीतून एकदा खाली पाहिलं होतं. शेतं कुणाची, कोणत्या जातीची, काही कळत नव्हतं. नुसती हिरवी होती.

आल्या दिवशीच साखर आणायला समोर गेलो. अप्पा तोलत होते. उमानं पुडी बांधता बांधता विचारलं, "इमानानं सांग. अप्पा इमानात भ्याले का?"

तराजू थांबला.

"न्हाई," मी म्हणालो. "मीच भ्यालो."

"मग मनगटावर नखं कुणाची?"

"खिडकीचं लागलं."

"खिडकीला नखं असतेत?"

अप्पांनी खाकरून परत साखर टाकली. खाली बघतच म्हणाले, "उद्या आईला घेऊन घरी ये. चालत ये, इमान नको."

आणखी कुणी गिऱ्हाइक आहे का, मी मागे वळून बघितलं. उमानं पुडी माझ्या हातात कोंबली.

"कानातला कापूस काढ की. अप्पा तुलाच म्हणायलेत."