हौशीरामभाऊंच्या दोन बाटल्या

हौशीरामभाऊ संध्याकाळी औषध घेऊन गेले, तेव्हापासून एकच गोष्ट माझ्या डोक्यातून जात नाही. त्यांच्या देवळीत आता जी बाटली उरली आहे, तिच्यात नेमकं कुठलं पाणी आहे?

भाऊ नवलाख उंबऱ्याचे. बारा वर्षं रोज सकाळी अडीच कोस चालून ते आमच्याकडे दूध घालतात. पण गावात त्यांची ओळख दुधावरून नाही. १९१२ च्या सुमाराला, ऐन विशीत, एका गोऱ्या साहेबाचं सामान वाहायला ते वऱ्हाडात लोणारला गेले होते. साहेबाला तिथलं खारं तळं मोजायचं होतं. जालन्यापर्यंत रेल्वे, पुढे बैलगाडी. भाऊ दोन महिने राहिले आणि उरलेलं आयुष्य त्या दोन महिन्यांबद्दल बोलत आले.

"वैनी, जिमिनीत परात बसवावी तसं हाय बगा ते. काठावनं खाली उतरायचं. आदी झाडी, मोर. मग नुसत्या बाभळी. मग पांढरा खार, पापडावानी पायाखाली मोडतोय. आन् मदी हिरवं पानी. वास असा, की सायेब नाकाला रुमाल लावून वही लिवायचा. मासा न्हाई, बेडूक न्हाई. हात घातला तर साबन लावल्यावानी बुळबुळीत."

तो खार व्यापारी गाड्या भरभरून नेत. पण त्याच उतारावर, तळ्याच्या वरच्या अंगाला, गोमुखातून गोड्या पाण्याची धार बारा महिने पडते. लोक तिला गंगा मानतात. तिथं स्नान करून मग खाली तळ्याकाठी कमळजादेवीला जातात. देवीजवळ एक विहीर आहे, तिचं पाणी म्हणे एका बाजूला गोडं, दुसऱ्या बाजूला खारं. तिथल्या माणसांच्या मते ते तळं म्हणजे लोणासुराची लपायची जागा. विष्णूनं पायाच्या अंगठ्यानं वरचं झाकण उडवलं आणि त्याला मारलं. पाणी हे त्याचं रक्त, खार हे त्याचं मांस. साहेब म्हणायचा, हे ज्वालामुखीचं तोंड. त्याचा जोडीदार म्हणायचा, आभाळातून काहीतरी कोसळलं असणार.

"मग भाऊ, तुम्हाला काय वाटतं?" मी एकदा विचारलं.

"दोगं सायेब रोज जेवताना भांडायचे. मी आपला वाढायचो. म्या चाखून बगितलंय, तेवडं मला पुरं."

मावळात जिकडे पाहावं तिकडे गोडं पाणी. तळं खारं असतं यावर गाव कशाला विश्वास ठेवतंय? म्हणून साहेबानं दिलेल्या औषधाच्या दोन सारख्या बाटल्या भाऊंनी भरून आणल्या. तळ्याच्या बाटलीला काळा दोरा. ती पुराव्यासाठी. "घे कोंडाजी, चाख, आन् मग मला थापाड्या म्हन!" कोंडाजी चूळ भरायला ओढ्यापर्यंत पळाला, हे गावात अजून सांगतात. धारेच्या बाटलीला तांबडा दोरा. ती घरातल्या माणसाच्या अखेरच्या घोटासाठी. गेली बत्तीस वर्षं दोन्ही बाटल्या देवळीत, दिव्यामागे.

माझी मुलगी अरुंधती पुण्याला रसायनशास्त्र शिकते. दिवाळीच्या सुट्टीत तिनं हट्ट धरला, तळ्याचं पाणी तपासायला हवं. मीच भाऊंपाशी शब्द टाकला. दुसऱ्या दिवशी दुधाच्या किटलीबरोबर बाटली हजर.

"पोरीच्या शिक्षनाला कामी येतंय, न्या की. तसंबी आता कुनी चाखाया येत न्हाई."

आज दुपारी अरुंधतीचं पत्र आलं. "आई, भाऊंनी आपली थट्टा केली का? तळ्याच्या पाण्यात तांबडा लिटमस कागद निळा व्हायला हवा, तो ढिम्म. शेवटी जिभेवर थेंब ठेवला, तर आपल्या विहिरीचं असावं तसं गोडं पाणी! गुरुवारी सकाळी उरलेलं सगळं आटवून पाहते, तळाशी काय राहतं ते."

उद्याच गुरुवार.

भाऊ संध्याकाळी आले ते बयाबाईंसाठी, म्हणजे त्यांच्या बायकोसाठी. डॉक्टरांनी, माझ्या यजमानांनी, काल तिला पाहिलं आहे. दोन दिवस, फार तर तीन. भाऊंना ते ठाऊक आहे.

"गंगा हाय घरात, वैनी. त्येची काळजी न्हाई," ते म्हणाले.

मी जपून विचारलं, "भाऊ, तिचा दोरा अजून तांबडा आहे ना?"

"कुटला तांबडा! काजळीनं दोनी बी काळं ठिक्कर. उजवीकडची गंगा, डावीकडची तळ्याची. आमची सून शालू दर दिवाळीला देवळी सारवती, तिला ठावं हाय."

तिथंच सांगायला हवं होतं. मी नुसतं औषध हातात दिलं. तीन वर्षांपूर्वी त्यांची आई गेली. "मायनं गंगा तोंडात घेतली आन् तोंड वाकडं केलं, वैनी. धाकट्या भावाला येगळं काडलं म्हून माझ्यावर राग धरूनच गेली." हे त्यांनी मला किती वेळा सांगितलं असेल!

शालूच्या हातून बाटल्या यंदाच बदलल्या, की तेव्हाच? की बत्तीस वर्षांत पाण्यातला खार मरतो? मी कॉलेजात संस्कृत शिकले, मला यातलं काही कळत नाही. डॉक्टरांना विचारलं, तर "अगं, उरलेली चाखायला सांग की त्यांना," म्हणाले आणि झोपले. चाखली आणि खारी निघाली, तर भाऊंना तीन वर्षांपूर्वीचा तो घोट आठवणारच. आपण आईच्या तोंडात राक्षसाचं रक्त घातलं, असं ते धरून बसतील? की आई रागावून गेली नव्हती, नुसतं पाणी खारं होतं, म्हणून त्यांचा जीव हलका होईल? मी दोन्ही बाजूंनी विचार करते आणि पुन्हा तिथंच येते. न सांगावं, तर बयाबाईंच्या ओठांशी उद्या-परवा काय जाईल?

भाऊंना काय सांगायचं ते अजून सुचत नाही. पण धारेचं जे काही पाणी मावळात उरलं आहे, ते माझ्या मुलीच्या टेबलावर आहे आणि सकाळी ती ते स्टोव्हवर ठेवणार आहे. खाली दवाखान्यात टेलिफोन आहे. अकरा वाजून गेलेत, वसतिगृहाच्या बाई चिडतील. चिडू देत. आत्ताच लावते. म्हणावं, अरू, त्या पाण्याला हात लावू नकोस, बूच घट्ट लाव आणि पहिल्या गाडीनं घोरावाडीला उतर. मी स्टेशनवर उभी असेन.