न वाजलेली शिट्टी

“गोठली होती म्हणे! शिट्टी आहे का पाण्याचा नळ?” नॉरा गॅदरकोलने सोललेला बटाटा पातेल्यात असा टाकला, की पाणी उडून शेगडी चरचरली.

“ओठ गोठले होते म्हणालो मी,” तिचा नवरा सिरिल म्हणाला.

“चहाला बरे नव्हते गोठले,” कोपऱ्यात बूट पुसत बसलेला स्टॅनली पुटपुटला. तो सिरिलचा थोरला भाऊ. बिनलग्नाचा, यांच्याकडेच राहणारा, आणि शिकारीच्या दिवशी हाकाऱ्यांच्या रांगेत चालणारा.

“तू गप रे!” सिरिल खेकसला.

सिरिल एका इस्टेटीवरच्या शिकारीच्या पक्ष्यांचा रखवालदार. तिथला नियम साधा होता. विकत आणून सोडलेले तांबड्या पायांचे तितर हवे तेवढे मारा. पण करडे तितर उठले, की रखवालदाराने शिट्टी फुंकायची आणि शिकारीला आलेल्या पाहुण्यांनी बंदुका खाली घ्यायच्या. करडे तितर त्या शेतांचेच होते, आणि इंग्लंडच्या नॉरफक परगण्यात सगळीकडेच विरळ होत चालले होते. शनिवारी शिट्टी वाजलीच नाही. संध्याकाळी मारलेल्या पक्ष्यांच्या ढिगातून रखवालदाराला एक जोडी मिळायची, ती घेऊन सिरिल घरी आला आणि नेहमीच्या सवयीने, पायाकडे न बघता, त्याने ती मागच्या दारच्या खिळ्याला टांगली. रविवारी सकाळी पिसं उपटायला नॉराने पक्षी मांडीवर घेतला, तर पायात पिवळी कडी.

करड्या तितरांचा माग ठेवण्यासाठीची ती कडी उन्हाळ्यात नॉराच्याच परसात घातली होती. पक्षी संशोधन केंद्रातली इमोजेन कडी अडकवत होती आणि नॉराने पिल्लू ओंजळीत धरलं होतं.

नॉरा मूळची समुद्रकाठची, खेकडे उकडणाऱ्या घरातली. पक्ष्यांशी तिचा संबंध पावावर झडप घालणाऱ्या सीगलपुरता. लग्न होऊन आली त्या आठवड्यात सासूने तिच्या हातात एक गिड्डी खुडूक कोंबडी दिली. “ही तुझी. हिला बसवायला शीक. आमच्याकडच्या बायका हेच करतात.” यंत्राने कापलेल्या गवतात उघडी पडलेली करड्या तितराची अंडी सिरिल टोपीत घालून आणायचा, नॉरा ती कोंबडीखाली सरकवायची. पिल्लांना मुंग्यांची अंडी लागतात म्हणून ती वारुळं खणायची. चर्चमध्ये तिचे सुजलेले हात बघून बायका विचारायच्या, घरी सगळं ठीक आहे ना? पिल्लं जरा मोठी झाली, की घरटं मोडलेल्या रानातल्या जोडीजवळ नेऊन सोडायची. मग नॉरा बांधाआड पालथी पडून बघत राहायची, जोडी त्यांना पंखाखाली घेते की नाही. तितर सहसा नाही म्हणत नाहीत. या कामाचा पगार तिला कधी मिळाला नाही. तिने मागितलाही नाही, आणि याचंच तिला अलीकडे आश्चर्य वाटायचं.

“मी त्याच्या शेजारीच होतो, नॉरा,” स्टॅनली बुटाकडे बघत म्हणाला. “थवा उठला. याने शिट्टी तोंडात धरली. धरूनच ठेवली.”

सिरिल खुर्चीत बसला. “इस्टेटीचा मॅनेजर पाठीमागे उभा होता. पाहुण्यांना सकाळपासून काही मिळालं नव्हतं. असाच आणखी एक दिवस गेला तर शिकारीचा हक्क दुसऱ्याला भाड्याने देणार म्हणाला. मग तो दुसरा स्वतःचा रखवालदार आणील. आणि नोकरी गेली की घर गेलं. हे घर काही तुझ्या बापाचं नाही.”

“तुझ्याही नाही. तरी पडदे मीच शिवते.”

“ऐक. उद्या ती इमोजेन कडीवाले पक्षी मोजायला येईल. तिला सांग, ससाण्याने नेले.”

“ससाण्याने नेले, आणि आपल्या खिळ्याला आणून टांगले?”

स्टॅनलीला हसू फुटलं. सिरिलचा चेहरा पाहून त्याने ते आवरलं.

“मी सांगितलं तर तिला संशय येईल. रखवालदार ससाण्यांनाच दोष देतात, हे तिला ठाऊक आहे. तुझ्यावर तिचा विश्वास आहे.”

नॉराच्या हातातली सुरी थांबली. इतक्या वर्षांत तिने स्वतःचं म्हणून कमावलं होतं ते एवढंच, की तिचा शब्द कुणी खरा मानावा. आणि नवऱ्याने तेवढंच नेमकं मागितलं होतं.

तिने उरलेला बटाटा सोलला. बटाटे शिजले. तिने तीन ताटं वाढली, मटणावर ग्रेव्ही ओतली. तितरांची जोडी तिने जुन्या वर्तमानपत्रात गुंडाळून ठेवली होती. कडी तिच्या ॲप्रनच्या खिशात होती. सिरिल जेवायला लागला. गप्प बसली म्हणजे समजली, असं त्याला वाटलं असावं. लग्न झाल्यापासून त्याला असंच वाटत आलं होतं.

“उद्या इमोजेनच्या हातात मी ही कडी ठेवणार,” नॉरा म्हणाली, “आणि शिट्टी का वाजली नाही तेही सांगणार. घर राहायचं तर राहील. कोंबड्या माझ्या बहिणीकडे जातील. या दारात यापुढे अंडी उबवली जाणार नाहीत. स्टॅनली, जेवण झालं की कोंबड्या न्यायला माळ्यावरची खोकी खाली काढ.”