पाहुण्यासाठी पोतारलेली भिंत

निलंगा तालुक्यात माझ्याइतकी माती वळखणारा माणूस दुसरा न्हाई. मी खंदलेल्या एका हिरीला पाणीच लागलं न्हाई, दुसरीला लागलं तर त्यात मीच पडलो.

तरीबी गावाबाहेरच्या पांढरीच्या, म्हंजी जुन्या वस्तीच्या, टेकाडावर लातूरची कॉलेजची पोरं उत्खनन शिकाया आली, तवा मुकादमानं मला कामावर घेतलं. बायकोलाबी घेतलं. ती माती चाळायला, मी पाटी उचलायला. पोरं चौकोनी खड्ड्यात बसून गवंड्यावाणी लहान करणीनं माती खरवडायची, वर सावलीला कापड बांधलेलं. आन् मी उन्हात त्यांची माती वाहून राहिलो. माझा जीव त्या करणीवर बसला.

पोरांना शिकवणाऱ्या मॅडम होत्या, त्यांच्या मागं लागलो. शेवटी कटाळून म्हणल्या, नांदेडचे मोठे सर खड्डे बघायला येणारेत, तोवर नीट काम केलं तर हंगामभर खड्ड्यातच ऱ्हावा. न्हाईतर पाटी हायच.

मग शिकलो बगा. करणी आडवी धरायची, दाढी केल्यावाणी अलगद वढायची. पहिल्याच दिवशी मला जुनं हाड घावलं. मी वरडून सगळा कॅम्प गोळा केला. मॅडमनं हाड उलटंपालटं करून बघितलं आन् सांगितलं, हे काल जेवणात होतं, कुत्र्यानं आणून टाकलंय.

त्या खड्ड्यात लातूरची एक पोरगी होती, मला मामा म्हणायची. खड्ड्याच्या भिंतीत मातीचे पट्टे दिसायचे, काळे, पिवळे, राखेवाणी. ती समजावून सांगायची, मामा, हा काळा पट्टा म्हणजे घर जळलं तवाचा, त्याच्यावरचा पिवळा म्हणजे लोक परत राहायला आले तवाचा. पट्ट्या-पट्ट्याला खिळा ठोकून तिनं चिठ्ठी लावलेली. मी हाव म्हणायचो. काय बी न कळता हाव म्हणायला मी लई पटाईत.

सर येणार त्या दिवशी मी सगळ्यांच्या आधी टेकाडावर गेलो. खड्ड्यात उतरलो आन् भिंत बघून मलाच लाज वाटली. भेगा काय, डाग काय, खिळ्याला चिठ्ठ्या काय. नांदेडहून एवढा मोठा माणूस यायचा. आमच्याकडं नुसता जावई येणार म्हणलं तरी भिंत पोतारून घेत्यात. तिथलीच पांढरी माती बकेटीत कालवली, चिठ्ठ्या काढून खिशात ठेवल्या, आन् वरपासून खालपर्यंत असा हात मारला की भिंत आरशावाणी झाली. मागं सरून बघितलं. म्हणलं, आता हंगामभर सावली आपली.

पोरगी आली आन् खड्ड्याच्या काठावरनं वाकून बघाया लागली. पट्टे कुठं गेले, म्हणाली.

"झाकले की," मी म्हणलं. "एक बी दिसू दिला न्हाई."

तेवढ्यात मॅडम सरांना घेऊन आल्या. सर लई येळ भिंतीकडं बघत हुबे. हे कुणी केलं म्हणून त्यांनी इचारलं, तर मॅडमनं तोंड उघडायच्या आत मी छाती काढून म्होरं झालो.

"हात सफाईदार आहे तुमचा," सर म्हणाले. "फक्त जे बघायला मी नांदेडहून आलो, ते ह्याच्या मागं आहे."

मग मला घडलं ते समजलं. खिशातल्या चिठ्ठ्या काढून दिल्या, तर त्या घामानं भिजलेल्या. नशीब, लेप वलाच होता. थोडं आत खरवडलं की पट्टे परत दिसतील, सर म्हणाले, पण हात हलका पायजे. मी करणी उचलली. मॅडमनं ती माझ्या हातातून काढून घेतली, वर चाळणीकडं बघितलं आन् माझ्या बायकोला हाक मारली.

ती पदर खोचून खाली उतरली, मी वर चढलो. ती सावलीत बसून पोरीच्या सांगण्यावरनं माझा लेप हळूहळू काढत होती, मी वर उन्हात पाटीची वाट बघत हुबा. म्हणलं, कसली बारीक कारागिरी केली होती मी, बघ जरा. तिनं माझ्याच लेपानं भरलेली पाटी माझ्याकडं वर सारली.

"घरची भिंत पोतारायची तशीच राहिली, तिला कदी हात लावला न्हाई," ती म्हणाली. "उचला पाटी."