ध्रुवावरचे ढग

परवा नल्लकुंट्यातल्या माझ्या घरी फ्रीजरमधलं हिम खरवडताना त्याचा कोरडा वास आला आणि वीस वर्षांपूर्वीचं ते काम आठवलं. दुर्बीण बसवण्याजोगं आकाश आहे का, हे पाहायला माझा मित्र अख्खा हिवाळा दक्षिण ध्रुवाकडच्या बर्फावर राहिला होता. त्यानं पाठवलेले फोटो मी इथं कूलरपुढे बसून, चहात उस्मानिया बिस्किटं बुडवत तपासायचो. फोटो पुसट दिसला की ‘ढगाळ’ लिहून मोकळा. अहवाल गेल्यावर, तो परतण्याआधीच, पहिल्या विमानानं त्याची वही हाती आली. पानोपानी लिहिलं होतं, ‘भिंगावर हिम, आकाश स्वच्छ.’ चूक कबूल करायची लाज वाटली. मी वही मिटून ठेवली. जागा नापास झाली. परतल्यावर तो म्हणाला, “क्या मियाँ, एवढे ढग कुठून आणलेस? मी तर रोज तारे बघत होतो!” मी म्हणालो, “कॅमेरा खोटं बोलतो का?” “हौ, मग माझेच डोळे गेले,” म्हणून तो हसला आणि पुन्हा तो विषय त्यानं काढला नाही. काल त्याला सगळं सांगितलं. तो म्हणाला, “अंधारात राहून भास झाले असतील, असं घरचे म्हणायचे. मीही तेच खरं मानलं होतं रे.”