सोळावर एसी

आज दुपारी भाजी घेऊन घरी आले, तर घर गारठलेलं. एसी सोळावर, आणि आमचे हे सोफ्यावर जाड जॅकेट, कानटोपी घालून बसलेले.

"हे काय चाललंय?"

"सवय करतोय."

पुढच्या महिन्यात हे रिटायर होतात. नोकरी संपली की कतारचा व्हिसाही संपतो. हिवाळा मुलाकडे, कॅनडात काढायचं ठरलंय.

मी मुलाला व्हिडिओ कॉल लावला. तो टी-शर्टवर होता. बाबांना बघून हसत सुटला.

"बाबा, घरात हीटिंग असतं. थंडी बाहेर."

"मग बाहेर फिरायला जाताना लागेलच की."

"बर्फावर पाय घसरला म्हणजे? तुम्ही मार्चपर्यंत घरात मस्त आराम करा."

फोन ठेवल्यावर हे उठले. जॅकेट तसंच अंगावर. हॉलमधून किचनमध्ये, किचनमधून हॉलमध्ये फेऱ्या मारत राहिले.

मी म्हटलं, "इथे उन्हाळ्यात तरी आपण कुठे बाहेर पडतो?"

"तेव्हा ऑफिस असतं," हे म्हणाले.

म्हणून इथे विचारतेय. आपल्या ग्रुपमधल्या ज्यांनी रिटायर झाल्यावर मुलांकडे असा हिवाळा काढलाय, त्यांनी सांगा: सकाळी आंघोळ करून, कपडे घालून तुम्ही कुठे जात होता?