आळी गप्प झाली तेव्हा

आमच्या तांबट आळीत तान्ही पोरं हातोड्यांच्या दणदणाटात गाढ झोपतात आणि आवाज थांबला की दचकून रडायला लागतात. हे मला जन्मापासून ठाऊक होतं, आणि तरीही मी तो मूर्खपणा केला!

माझ्या वडिलांना, आबांना, श्रीमंतांच्या वाड्यावरचा हंडा मठारता मठारता, ओळीनं ठोके उमटवता उमटवता, अर्धांगवायूचा झटका आला. उजवा हात लुळा पडला, वाचा गेली. पाणी हवं असलं की नुसते ओठ हलत. ते आपल्याला ओळखतात की नाही, एवढंच मला कळायला हवं होतं. मी तासन्‌तास त्यांच्या डोळ्यांत बघत बसे, पण काही थांग लागत नसे.

शनिवार पेठेतून एक म्हातारा जर्राह आला. लष्करामागे फिरून जखमा शिवण्यात त्याचा जन्म गेला होता. त्यानं उजवा हात उचलून पाहिला आणि बोटं टेकवली आबांच्या डोक्याच्या डाव्या बाजूला.

"अहो, गेलाय तो उजवा हात," मी म्हणालो.

"दिसतंय. डोळे शाबूत आहेत माझे. डोक्याला डावीकडे वार बसला की उजवं अंग जातं, बऱ्याचदा वाचाही जाते. रणात किती पाहिलेत! लगाम उलटेच बांधलेत देवानं."

"मग आबांना मी ओळखू येतो का?"

"कवटी उघडून बघू म्हणता?"

त्यानं मला शब्दांनी चांगलंच झोडपलं, पण मी हरखून गेलो होतो. दिवसभर डावं कानशील दाबायचो आणि उजवा अंगठा हलवून बघायचो. डोक्यातून सुटलेला हुकूम वाटेत बाजू बदलतो आणि पापणी लवायच्या आत बोटाशी हजर होतो! श्रीमंतांचे जासूद तरी असे धावत असतील का? आणि एवढा कारभार डोक्यात घेऊन आम्ही आपले भांडी ठोकत बसलो होतो.

इतकी नाजूक व्यवस्था म्हणजे तिला शांतता हवीच, असं मी माझ्या अकलेनं ठरवून टाकलं. शेजाऱ्यांना विनवलं. बिचाऱ्यांनी एका शब्दानं कुरकुर न करता ऐरणी नदीकाठी हलवल्या. आमच्या दारासमोर पहिल्यांदाच चिमण्या ऐकू येऊ लागल्या, आणि आबा दिवसेंदिवस मिटत गेले. पेज नको, डोळे उघडणं नको.

बाराव्या दिवशी जर्राह पुन्हा आला. "कोण गेलं आळीतलं?" त्यानं दारातूनच विचारलं.

मी मोठ्या अभिमानानं शांततेचं कारण सांगितलं.

"वा! जन्मभर ज्या आवाजावर हे डोकं चाललं, तोच काढून घेतलात? आता श्वासही बंद करायला सांगा. आणा तुमची ऐरण इकडे."

मी आबांच्या अंथरुणाशेजारी ऐरण मांडली आणि त्यांचा अर्धवट राहिलेला हंडा मठारायला घेतला. थोड्या वेळानं गोधडीवर त्यांची डावी बोटं हलू लागली. माझ्या ठोक्याबरोबर! मग ओठ हलले आणि आवाज फुटला, "एक... दोन... तीन... चार..." ठोके मोजत काम करायची त्यांची जन्माची सवय होती. ठोके न थांबवता मी जर्राहाकडे वळून हसलो.

"हुरळू नका," जर्राह म्हणाला. "घोटलेलं पाठांतर आहे ते. बोलणं वेगळं, ओळखणं त्याहून वेगळं."

माझं लक्ष उडालं आणि ठोका ओळ सोडून भलतीकडेच पडला. आबांचे डोळे खाडकन उघडले आणि थेट माझ्यावर खिळले.

"गाढवा!"

"शिव्यासुद्धा कधीकधी आपोआप..." जर्राह समजावू लागला, पण मला पुढचं ऐकूच आलं नाही. आबांनी आयुष्यात मला दुसऱ्या नावानं कधी हाक मारलीच नव्हती. डोळे पुसायलाही न थांबता मी हातोडी उचलली आणि मुद्दाम पुन्हा चुकीच्याच जागी ठोका घातला.